चावटपणा किती चालतो? गोव्याच्या बारमधून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावंतवाडीचा एक २६ वर्षांचा मुलगा हळदीला, लग्नाला मिमिक्री करतो, द्वयर्थी गाणी म्हणतो. लोक पोट धरून हसतात. दिवसा तो मोबाइलच्या दुकानात असतो. आता त्याला गोव्यात शॅकमध्ये, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात, आणि बारमध्ये शो करायचे आहेत. पोट भरेल का, चावटपणा किती चालतो आणि घरच्यांना काय सांगायचं, असं त्यानं विचारलंय.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. १९९८ च्या डिसेंबरापासून कळंगुट-बागा पट्ट्यात हेच करतोय: बोलका बाहुला, चावट गाणी, आणि अगदीच कुणी हसेना झालं तर डोक्यावर भरलेली बाटली ठेवून नाच. वयानं तुझ्या दुपटीला आलोय, म्हणून ‘तू’ म्हणतो. राग मानू नको.

आधी हळदीचं बघू, कारण तुझी चूक तिथेच होतेय. हळदीत तुझ्यावर हसणारा प्रत्येक जण कुणाचा तरी मामा नाहीतर मेहुणा असतो. नवऱ्याची टर उडवायचा हक्क त्या घरानंच तुला दिलेला असतो. मागे वडे-सागोतीचा वास सुटलेला, कुणाला कुठे जायची घाई नाही. म्हणजे निम्मं हसू तू तोंड उघडायच्या आधीच तयार असतं. बारमधलं गिऱ्हाईक तुझ्यासाठी आलेलंच नसतं. ते इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकडीसाठी आणि थंड बिअरसाठी आलेलं असतं. नवरा-बायकोच्या बोलण्यात स्पीकर लावून घुसलेला तू एक आगंतुक. त्याला तू आधी सहन व्हायला हवास, मग आवडायला.

म्हणून ‘किती चावट’ हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरावर ठेवतो. पहिला प्रश्न असा, की चावट शब्द कुणाच्या तोंडून निघतो? तुझ्या की त्यांच्या?

हे मला कुणी शिकवलं नाही, बाहुल्यानं शिकवलं. लहानपणी दूरदर्शनवर रामदास पाध्यांचा बोलका बाहुला अर्धवटराव बघून मला शब्दभ्रमाचं वेड लागलं. तिसऱ्या सीझनला कागदाच्या लगद्याचं डोकं करून एक बाहुला उभा केला आणि त्याचं नाव ठेवलं बाबलो. आमच्याकडचं घरगुती नाव, लोकांना जवळचं वाटेल म्हणून. पहिल्याच रात्री घात झाला. शब्दभ्रमात ओठ हलवायचे नसतात, आणि प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. कसलेले लोक प च्या जागी त, ब च्या जागी द, म च्या जागी न असं जिभेनं भागवून नेतात. मी नवशिका. बाहुल्याला स्वतःचं नाव घेता येईना! ‘नी दादलो’ असं काहीतरी यायचं, आणि दादलो म्हणजे कोकणीत नवरा किंवा पुरुषमाणूस. लोक हसले, पण भलत्याच गोष्टीला.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव दाजी केलं. द आणि ज, ओठांचं काम नाही. मग लक्षात आलं की खरी अडचण नावाची नाहीच. आपल्या भाषेतल्या निम्म्याअधिक शिव्या याच पाच अक्षरांवर उभ्या आहेत. मनातल्या मनात मोजून बघ. म्हणजे दाजीला शिवी देताच येत नव्हती. नाइलाजानं मी त्याला शब्दाच्या अलीकडे थांबवायला लागलो. तो थांबायचा, डोळे मिचकवायचा, आणि समोरच्या टेबलावरून कुणीतरी तो शब्द पुरा करायचं. हशा दुप्पट! मी मात्र काहीच बोललेलो नसायचो.

हा एक नमुना गेली वीस-बावीस वर्षं मला जेवू घालतोय. दाजी शेजारणीचा निरोप सांगतो:

‘नळ गळतोय, दाजी, ये ना आत,
चावी लहान, धर दोन्ही…’

इथे थांबायचं. किती थांबायचं ते त्या रात्रीच्या गिऱ्हाइकावर. कोल्हापूर-बेळगावची पोरं असली तर एक श्वास पुरतो, मुंबईची कुटुंबं असली तर तीन. कुणीतरी काहीतरी ओरडतं. मग दाजी मान वळवून अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणतो, ‘हातच ना! तुला काय वाटलं?’ पूर्ण कडवं वाचून बघ, त्या पाचांतलं एकही अक्षर नाही आणि एकही घाण शब्द नाही. घाण सगळी टेबलावर.

‘गरीब चेहऱ्यानं’ हे महत्त्वाचं. दादा कोंडके आठव. ‘सोंगाड्या’ १९७१ चा, माझ्या जन्माच्या आसपासचा; मी तो पुढे व्हिडिओवर पंधरा-वीस वेळा पाहिला. गुडघ्यापर्यंतची चड्डी, लोंबणारी नाडी आणि चेहऱ्यावर असा भाव, की या माणसाला आपण काय बोललो ते कळलेलंच नाही. नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा त्यांचा गिनीज विक्रम त्या भोळेपणावर उभा आहे, असं माझं मत आहे. तू व्हिडिओची लिंक दिली आहेस तो पाहिला. आवाज छान आहे, पण प्रत्येक द्वयर्थी ओळीनंतर तू स्वतःच भुवया उडवतोस. सांगणाऱ्यानंच खूण केली की ऐकणाऱ्याला शोधायला काही उरत नाही.

आता दुसरा प्रश्न: किती? याला एक उत्तर नाही. जागा, वेळ आणि भाषा बघावी लागते.

वेळेचं आधी सांगतो, कारण बाहेरून येणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके सणासुदीचे दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तेवढंच. पाळोळ्याच्या किनाऱ्यावर लोक कानाला हेडफोन लावून नाचतात ते याच पायी. याचा आपल्या धंद्यावर परिणाम काय झाला बघ. चावट कार्यक्रम म्हणजे मुलं झोपल्यावरची गोष्ट. पण शॅकवर तुझा सगळा शो साडेसात ते दहामध्ये बसवायचा, आणि त्या वेळी पुढच्या टेबलावर फ्रेंच फ्राइज खाणारं सात वर्षांचं पोर असतं. म्हणून मी कडवी अशी बांधतो, की पोराला नळाची गोष्ट कळावी आणि बापाला दुसरी. ज्या ओळीत पोराला काहीच कळत नाही, ती ओळ शॅकवर म्हणायची नाही, कारण पोर विचारतं, आणि मोठ्यानं विचारतं. दार बंद करून आत बसलेला बार असेल, तर मोकळीक जास्त.

जागेचं म्हणशील तर गावातल्या जुन्या तवेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जाऊच नको. तिथे फेणीच्या पेल्याबरोबर जे विनोद चालतात त्यांच्यापुढे तू-मी बालवाडीतले. पणजीला सांता मोनिका जेट्टीवरून मांडवीत ज्या बोटी सुटतात, तिथे निवेदकाचं काम मिळू शकतं. तासाभराची फेरी, देखणी हा गोव्याचा लोकनाच, मग आधी मुलांना स्टेजवर बोलवायचं, मग जोडप्यांना, मग एकट्या पुरुषांना. त्या शेवटच्या गाण्याला चाळीस पुरुष एकमेकांच्या अंगावर नाचत असताना माइकवरून त्यांना खाली कसं उतरवायचं, हे जमलं तर कुठलाही बार सांभाळशील. मी दोन सीझन ते केलंय. कसिनोत पैसे वेळेवर मिळतात, पण संहिता त्यांची असते आणि पत्त्यांवरून नजर काढून तुझ्याकडे कुणी बघत नाही. मला तिथे भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं.

भाषेला तर इलाजच नाही. द्वयर्थ हा भाषेच्या पोटातला खेळ, त्याचं भाषांतर होत नाही. एकाच रात्री समोर मालवणी, दिल्लीचे, बेंगळुरूचे आणि दोन टेबलं रशियन असतात. म्हणून न बोलता जमणारी एक तरी करामत हाताशी ठेव. बाटलीचा नाच मी त्यासाठीच शिकलो. बाटली नेहमी भरलेली घ्यायची. रिकामी हलकी असते आणि लगेच कलते, हे मी डोक्याला तीन टाके पडल्यावर शिकलो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर अर्धा शब्द तुझा, उरलेला त्यांचा, चेहरा भोळा, आणि दहाच्या आत सगळं आवरायचं.

आता जे चुकलं ते सांगतो. २००४ च्या डिसेंबरात एका हॉटेलात पोहण्याच्या तलावाजवळ शो होता. पुढे एक नवं जोडपं, बाईच्या हातात कोपरापर्यंत चुडा. दाजी तिच्याकडे वळला आणि झोप झाली का वगैरे सुरू झाला. ती हसली. मी अजून दोन पायऱ्या पुढे गेलो. ती तेव्हाही हसत होती, नवरा टाळ्या वाजवत होता, सगळा तलाव हसत होता. सकाळी पैसे घ्यायला गेलो तेव्हा रूमबॉय म्हणाला, ते दोघं ठरल्यापेक्षा तीन दिवस आधीच खोली सोडून गेले. रात्रभर भांडत होते. तिचं ते हसणं म्हणजे सुटकेची वाट बघणं होतं, हे मला स्टेजवरून दिसायला हवं होतं. दिसत असतं रे. ओठ हसतात आणि हात पर्स शोधतात. तेव्हापासून दाजी बाईशी बोलत नाही. तो माझी टिंगल करतो, किंवा ज्या टेबलाचा आवाज सर्वांत मोठा आहे त्याची.

दुसरी चूक पहिल्याच वर्षीची. सिनेमात दाखवतात तसा तुटक हिंदी बोलणारा दारुडा गोंयकार मी करायचो. दिल्लीवाले खूश. एका रात्री बारमागचा म्हातारा, ज्याच्या बापानं ते दुकान काढलं होतं, मला बाजूला घेऊन हसतच म्हणाला, ‘पात्रांव (म्हणजे मालक), ह्या बारात सगळ्यांत जास्त कोण पितो ते बिलं काढून दाखवू?’ त्यानं दाखवली नाहीत. मी तो नग दुसऱ्या दिवशी बंद केला. त्यापेक्षा तियात्र, म्हणजे कोकणी संगीत नाटक, बघ. १८९२ साली मुंबईत सुरू झालेला हा प्रकार अजून हाउसफुल्ल चालतो. दोन प्रवेशांच्या मध्ये पडद्यापुढे जी कांतारां, म्हणजे गाणी, म्हणतात, त्यात मंत्र्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कसं सोलतात, शेवटच्या ओळीला प्रेक्षक कसा आधीच पोचलेला असतो, ते नीट ऐक. कोकणी तुला निम्मी कळेलच.

कायद्याचंही डोक्यात असू दे. सार्वजनिक जागी अश्लील गाणं म्हटलं आणि त्याचा कुणाला त्रास झाला, तर जुन्या दंडविधानात कलम २९४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईचा अपमान करायच्या हेतूनं शब्द, आवाज किंवा हावभाव केला तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत. हावभावसुद्धा त्यात येतो, तेव्हा अर्धा शब्द टाकला म्हणजे सुटलो असं समजू नको. आणि आता प्रत्येक टेबलावर मोबाइल आहे. तुझी थांबायची जागा कापून, खाली कुणीतरी भलताच शब्द लिहून ते फिरवतात. म्हणून मी सुरुवातीलाच दाजीकडून सगळ्यांचे फोन उलटे ठेवायला लावतो. निम्मे ठेवतात.

पैसे. सीझन ऑक्टोबर ते मे, त्यातला खरा मलिदा २० डिसेंबर ते ५ जानेवारी. पावसाआधी शॅक उतरवतात. पहिल्या रात्री मला १५० रुपये आणि फिशकरी-राइस मिळाला होता. आज आकडा वेगळा आहे, पण चाल तीच आहे. ‘सीझन संपल्यावर एकदम हिशेब करू’ म्हणणाऱ्याला गोड हसून सांग, की रोजचे रोज दे. एका मालकानं माझे पूर्ण एप्रिल-मेचे पैसे असेच बुडवले. जूनमध्ये गेलो तर शॅकच्या जागी नुसती वाळू. आणि टोपी फिरवायची झाली तर ती दाजीच्या हातात दे. माणसाला नाही म्हणतात, बाहुल्याला म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट दारूची. ही मी लांबवणार नाही. गिऱ्हाईक प्रेमानं ग्लास पाठवतं, मालकही पैशांऐवजी ग्लासच पुढे करतो. मार्च-एप्रिलला हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, आला की सगळं गाव आग्रह करतं. मी दोन वर्षं त्यात घालवली. माझ्याबरोबर माउथ ऑर्गन वाजवणारा मित्र परतलाच नाही. आता फेणीच्या बाटलीत नारळपाणी घेऊन स्टेजवर चढतो आणि पाठवलेला ग्लास बारवाल्याला परत करून त्याचे रोख घेतो. हा करार पहिल्याच दिवशी करायचा.

पोट भरेल का? एकट्या बारवर नाही. सावंतवाडीहून पेडणे जवळ आहे, दुकानातली नोकरी सोडू नको. नोव्हेंबर ते जानेवारी शनिवार-रविवार करून बघ. रात्री परतीची गाडी मिळणार नाही, झोपायची सोय आधी बघ. आणि पत्रादेवीला, गोव्याच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर, पिशवीत बाटली घेऊन जाऊ नको, मित्र कितीही मागोत. पावसाळ्यात मी शेत लावतो आणि चतुर्थीनंतर शाळांमधून शो करतो. दाजी तोच, फक्त शर्ट वेगळा. फुलाफुलांचा शर्ट बारचा, निळा शाळेचा. दमट हवेत त्याच्या जबड्याच्या दोरीला बुरशी धरते, म्हणून जूनपासून चतुर्थीपर्यंत तो तांदळाच्या डब्यात, कापराबरोबर झोपतो.

राहिला घरच्यांचा प्रश्न. माझे वडील दशावतारात संकासूर करायचे. काळा झगा, लोंबती लाल जीभ, आणि जत्रेत रात्री एक वाजता देवळासमोर भटजीला असं काही विचारायचे, की बायका पदरात तोंड लपवायच्या. पण ते देवाच्या दारात, म्हणून मान. मी बारमध्ये, म्हणून लाज. वडील वारले तेव्हा मी नुकताच सुरू झालो होतो. आई नऊ वर्षं मला काय करतोस असं विचारायची नाही. ‘हॉटेलात आहे’ एवढंच लोकांना सांगायची. मी तिला पटवायला कधी गेलो नाही, तूही जाऊ नको. घरी पैसे वेळेवर दे आणि पिऊन जाऊ नको, एवढंच तुझ्या हातात आहे.

२००८ च्या जानेवारीत मुंबईची चुलतभावंडं आली आणि मला न सांगता तिला कांदोळीला घेऊन आली. मी तिला पाहिलं तेव्हा दाजी हातावर चढलेला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत नऊवारी नेसून बसलेली, पुढे लिंबू सोडा. ही बाई गावातल्या लग्नात विहिणीला जी गाणी म्हणायची, ती मी लहानपणी माच्याखाली लपून ऐकलीत. तरीही माझे पाय गळाले. नळाचं कडवं वगळावं असं वाटलं, पण तोवर दाजीनं सुरुवात केली होती. ‘चावी लहान, धर दोन्ही…’ आणि मी थांबलो. एक श्वास. दोन. टेबलावरच्या कुणी तोंड उघडायच्या आत, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय असलेला एक आवाज स्वयंपाकघराच्या बाजूनं आला. तिनं दिलेला शब्द ‘हात’ नव्हता.